चार नंबरचं दुखणं

पाठीचा कणा तिच्या हातातून निसटला तो दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर. प्लॅस्टिकचा होता म्हणून बरं. फिजिओथेरपीच्या कॉलेजात असली हाडं रोज इकडून तिकडे जात असतात, त्यात विशेष काही नाही. पण त्या दिवशी मॅडमच्या एका हातात कणा, दुसऱ्या हातात साठ विद्यार्थ्यांचे फॉर्म आणि लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. ती फॉर्म सावरायला गेली आणि कणा माकडहाडासकट खाली घरंगळला.

खालून एक माणूस वर येत होता. तो चटकन वाकला आणि शेवटच्या पायरीवर आपटायच्या आत त्याने तो पकडला.

"तुमचं पडलं का हे?"

"नाही, माझं जागेवर आहे. हे कॉलेजचं आहे," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. कणा तिच्या हातात देत म्हणाला, "याचं बरं आहे. पडला तरी दुखत नाही याला."

बस, एवढंच. पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर असताना आपण तिसऱ्यावर येऊन पोचलोय, हे तिला वर गेल्यावर कळलं.

तर ही मॅडम. कॉलेजातली पोरं तिला पाठीमागे 'वेदना मॅडम' म्हणायची, कारण ती जुनाट दुखणं शिकवायची. पाय मोडला, प्लास्टर घातलं, बरा झाला, असलं सरळ दुखणं नव्हे. एक्स-रे स्वच्छ, रिपोर्ट स्वच्छ, जखम केव्हाच भरलेली, आणि माणूस तरीही वर्षानुवर्षं दुखतंय म्हणून सांगतोय, ते दुखणं. घरात शिरलेला चोर कधीच पळून गेला, पण भोंगा वाजायचा थांबत नाही, असं ती समजावून सांगायची. आणि पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायची, 'पेशंट म्हणतो दुखतंय, म्हणजे दुखतंय.'

आता खरं सांगायचं तर ती स्वतः भयंकर संशयी होती. दूधवाल्याने दूध चांगलं आहे म्हटलं तरी वास घेऊन बघायची. पहिल्या नोकरीत एका पेशंटने कंबर धरून तिच्याकडून दोन महिन्यांच्या रजेचा दाखला लिहून घेतला होता आणि पुढच्याच आठवड्यात तो मैदानावर गोल मारताना सगळ्या स्टाफला दिसला. त्या दवाखान्यात तिचं नाव 'भाबडी' पडलं ते पडलंच. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. फळ्यावर एक आणि पोटात दुसरं, अशी तिची गत होती, आणि हे तिच्याशिवाय फक्त तिच्या आईला माहीत होतं.

त्या वर्षी तिचं संशोधन चालू होतं. प्रश्न साधा होता. जुनाट दुखणं नीट शिकवलं, तर विद्यार्थी पेशंटवर जास्त विश्वास ठेवायला लागतात का? त्यासाठी दर मंगळवारी सहा माणसं यायची. तिघं खरे पेशंट, तिघं नट. कोण खरं आणि कोण नट ते विद्यार्थ्यांना माहीत नाही आणि मॅडमलाही नाही. यादी पाकिटात, पाकीट विभागप्रमुख सरांच्या कपाटात. माणसांना नावं नव्हती, नंबर होते. विद्यार्थी त्यांच्याशी बोलायचे आणि याचं दुखणं आपल्याला किती पटलं, त्याला दहापैकी गुण द्यायचे. चार मंगळवार शिकवण्याच्या आधी, चार नंतर.

"कोण खरं ते त्यांनी सांगायचं नाही, तशी सही घेतलीय. आणि तू विचारायचं नाहीस," सरांनी बजावलं होतं. त्यांच्या स्वतःच्या मानेला कायम गरम पट्टा असायचा. "त्यांच्याशी बोललीस तर फक्त हवापाण्यावर. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळं वर्ष पाण्यात जाईल, सांगून ठेवतो."

पहिल्या मंगळवारी ती कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. चार नंबर आत आला, आणि तो जिन्यावरचा माणूस निघाला.

खुर्चीत बसून तो मुलांना शांतपणे सांगत होता की त्याचं चष्म्याचं दुकान आहे, काचा घासायला सारखं वाकावं लागतं, आणि चार वर्षांपासून त्याची कंबर दुखते. "कधी कधी तर चपलेचा पट्टासुद्धा लावता येत नाही." सांगता सांगता मध्येच त्याने काहीतरी विनोद केला आणि मुलं हसली.

मॅडमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वाकता येत नाही म्हणे. तासाभरापूर्वी जिन्यावर कोण वाकलं होतं मग, याचा भाऊ? तिने वहीत लिहिलं, 'चार – नट.' आणि खाली दोन रेघा मारल्या.

मुलांचंही तेच झालं. त्याला दहापैकी चार गुण पडले.

संध्याकाळी तो बाहेर व्हरांड्यात चहाच्या यंत्रापाशी भेटला. तिच्या मनात खूप काही होतं, पण नियम म्हणजे नियम.

"आज हवा कशी आहे?" तिने विचारलं.

त्याने खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "वरून स्वच्छ. आतून... ढगाळ म्हणायला हरकत नाही."

"पाऊस पडेल असं वाटतंय?"

"पडला तरी एकट्याने भिजायला कंटाळा येतो हो."

हे वाक्य पाठ केलेलं आहे, ती मनात म्हणाली. आणि घरी जाईपर्यंत तेच वाक्य घोळवत बसली.

पुढच्या मंगळवारी परत हवा. त्याच्या पुढच्या मंगळवारी वारा, धुकं आणि 'या दिवसांत संध्याकाळ लवकर संपते, नाही का?' एवढ्या तुटपुंज्या सामानावर दोन माणसं किती बोलू शकतात हे बघितलं असतं, तर वेधशाळेने दोघांना नोकरी दिली असती. ती त्याला पकडायला बघायची आणि तो ताकाला तूर लागू देत नव्हता. तो हळू चालला की तिला वाटायचं, अभिनय. भराभर चालला की वाटायचं, बघा, विसरला.

"आज काय केलं त्या चार नंबरने?" आई विचारायची. आई निवृत्त शिक्षिका. मुलांच्या तोंडावरून खोटं ओळखण्यात तिचा हातखंडा.

"काही नाही. खिडकीपाशी सात मिनिटं उभा होता, कंबरेला हातसुद्धा लावला नाही. आणि निळा शर्ट त्याला शोभतो हे त्याला पक्कं माहीत आहे."

आई पोळी लाटता लाटता थांबली. "अगं, तुझे बाबा मला आवडायला लागले तेव्हा मीसुद्धा त्यांच्याकडे इतकं निरखून बघत नव्हते."

"मी संशय घेतेय त्याच्यावर, आई."

"घे की. मी कुठे नको म्हटलं?"

चौथ्या मंगळवारच्या आधी मॅडमने जे करायचं नव्हतं ते केलं. चष्म्याची दांडी सैल झाल्याचं निमित्त करून ती त्याने मुलांना सांगितलेल्या रस्त्यावर त्याचं दुकान शोधत गेली. दुकान खरंच होतं. काचेच्या कपाटात ओळीने चष्मे होते आणि गल्ल्यावर त्याच्यासारख्याच डोळ्यांची एक बाई बसली होती. त्याची थोरली बहीण.

"दांडी काय, मी करून देते," ताई म्हणाल्या. "काचेचं काही असलं तर मात्र भाऊ आल्यावर. तो नाटकाच्या तालमीला गेलाय."

मॅडमच्या हातातली पर्स खाली पडायची बाकी राहिली. "नाटकाच्या?"

"वेडच आहे त्याला. लहानपणापासून स्टेजवर."

झालं. पितळ उघडं पडलं. दुकान खरं, माणूसही खरा, पण दुखणं नाटकी. रस्त्याने परतताना तिला विजयाचा आनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. दुखणं खोटं असेल, तर ढगाळ हवासुद्धा खोटीच की.

त्या मंगळवारी चहाच्या यंत्रापाशी तिने ती चूक केली. दुखण्याबद्दल शिकवणाऱ्या बाईनेच करावी अशी चूक.

"एक सांगू का? हवेबद्दल नाही."

"सांगा की."

"तुमची कंबर... पटत नाही. दुखणारा माणूस इतका हसत नाही. उठताना खुर्चीचा हात धरतो, तुम्ही नुसतेच उठता. आणि बोलता बोलता मध्येच थांबावं, श्वास धरावा. मुलं तुम्हाला चार गुण देतात. बाकीचे मला नट वाटतात ते बघा, सात-सात घेतात."

हातातला कागदी कप त्याने जरा फिरवला. डोळ्यांतलं हसू एकदम मावळलं आणि मग, कष्टाने आणल्यासारखं, परत आलं.

"बरं," तो म्हणाला. "बघतो प्रयत्न करून."

पाचव्या मंगळवारी चार नंबर दारातूनच कंबरेवर हात ठेवून आला. बसताना कण्हला. उठताना खुर्चीचा हात धरला, ओठ आवळले, श्वास रोखला. विनोद एकही नाही. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. गुण पडले आठ. सहाव्याला आठ, सातव्याला साडेआठ. शिकवणं संपून आता विद्यार्थी विश्वास ठेवायला लागलेत असं दिसत होतं, एकूण सरासरी चढत होती, आणि मॅडमला दुसरं काय हवं होतं? पण चहाच्या यंत्रापाशी तो आता फक्त हवाच बोलायचा. खरीखुरी हवा. तापमान वगैरे.

सातव्या मंगळवारी मात्र तो निघता निघता थांबला.

"पुढच्या आठवड्यानंतर मी येणार नाही. म्हणून आजच सांगून टाकतो. मला तुम्ही आवडता."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. तिचं काळीज इतक्या जोरात उडालं की तिला स्वतःचाच राग आला. तालमीत घोटलेलं वाक्य. किती सफाईने म्हणाला, आवाजसुद्धा कापला नाही.

"छान म्हटलंत," ती म्हणाली. "फक्त 'मला'च्या आधी थोडं थांबायला हवं होतं."

त्याने मान हलवली आणि तो जिना उतरून गेला, एकेक पायरी, कठड्याला धरून. इथे तर बघायला विद्यार्थी कुणी नव्हते, मग कशाला धरतोय, असं तिच्या मनात आलं. आणि गेलं.

आठवा मंगळवार संपला. बुधवारी सरांनी कपाट उघडलं, पाकीट फोडलं आणि कागद टेबलावर पसरला.

"खरे पेशंट एक, चार आणि सहा," सरांनी वाचलं. "वा. चारचा आकडा बघ, चारवरून साडेआठ. झकास काम केलंस तू."

तिने कागद स्वतःकडे वळवला. "चार... खरा?"

"चार वर्षांची कंबर. फाइल मीच बघितली होती. का गं?"

तिने आकडे ओढून घेतले. एक नंबर, खरा, आधी पाच आणि नंतर पाच. सहा नंबर, खरी, आधी साडेचार आणि नंतर साडेचार. चढला तो एकटा चार नंबर. तिच्या शिकवण्याने मुलं तसूभर बदलली नव्हती. बदलला होता तो, तिने सांगितलं म्हणून. खऱ्या दुखण्याच्या माणसाला तिने दुखायचं कसं ते शिकवलं होतं.

ती तशीच उठली. सरळ दुकानात गेली.

ताईंनी गल्ल्यामागे बोट दाखवलं. तो जमिनीवर सतरंजी टाकून उताणा पडला होता, पाय खुर्चीवर, छातीवर चष्म्याची चौकट आणि हातात बारका स्क्रू-ड्रायव्हर. तिला बघून उठायला लागला.

"उठू नका," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. "पाकीट फोडलं."

"हं."

"तुम्ही जिन्यावर वाकला होतात."

"तुमच्या हातातून कणा पडत होता. त्या क्षणी कंबर आठवली नाही. आठवली ती रात्री. दोन दिवस असाच पडून होतो."

"आणि तालीम?"

"पूर्वी काम करायचो. आता पडद्यामागून वाक्यं पुरवतो. आडवं पडून करता येतं ते."

तिने डोळे पुसले. "मी तसं म्हटलं तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही?"

"सही केली होती ना. खरं की खोटं सांगायचं नाही म्हणून." तो छताकडे बघत होता. "आणि नवीन काय होतं त्यात? तुमच्या आधी दोन डॉक्टर बोलले, माझे सख्खे काका बोलले. ते म्हणाले नाटक करू नकोस. तुम्ही म्हणालात नाटक नीट करा. चार वर्षांत मी एक शिकलोय, मॅडम. हसलो की लोकांना माझं दुखणं खोटं वाटतं आणि कण्हलो की माझा मलाच कंटाळा येतो. तुमच्यासमोर मला कण्हायचं नव्हतं. म्हणून हसत होतो."

"मग पाचव्या मंगळवारी का कण्हलात?"

"तुमचा अभ्यास पास व्हावा म्हणून. दुसरं काय देणार होतो मी तुम्हाला, हवा?"

मग त्याने आवाज खाली आणला. "हे कुणाला कळायचं कारण नाही. मी बोलणार नाही, ताई बोलणार नाही. तुमचे आकडे चांगले आलेत. राहू द्या तसेच."

आणि खोटं का बोला, त्या क्षणीही पाल चुकचुकलीच. हा एवढा चांगला का वागतोय? याला काय हवंय? सवयच ती, एका दिवसात थोडीच जाते. पण पहिल्यांदाच तिला त्या सवयीची किळस आली. समोर एक माणूस उताणा पडून तिची लाज झाकायला बघत होता आणि ती त्याच्या बोलण्यात खोट शोधत होती.

"नाही राहू देणार," ती म्हणाली आणि उठली.

गुरुवारी सकाळी तिने सरांना सगळं सांगितलं. दुकानात गेले ते, नाटकाचं ऐकलं ते, आणि कंबर कशी धरावी हे सांगितलं ते. सरांनी मानेचा पट्टा सोडला, परत बांधला.

"चार नंबर बाद," ते शेवटी म्हणाले. "सगळाच्या सगळा. मग तुझ्या हातात उरतं काय? शिकवून काही फरक पडला नाही, एवढंच. परत पहिल्यापासून. आणखी एक वर्ष."

"हो."

"न सांगतीस तर मला कळलं नसतं."

"हो सर."

त्यांनी चार नंबरच्या आकड्यांवर रेघ मारली. "वर्गालाही सांग मग. तेवढं तरी शिकतील."

तिने सांगितलं. फळ्यावरचं आपलंच वाक्य पाठीशी घेऊन, साठ पोरांसमोर, आवाज कापत. तुम्ही चार नंबरला चार गुण दिलेत, मी शून्य दिलं होतं, म्हणाली. शेवटच्या बाकावरची, नेहमी पेंगणारी मुलगी हात वर करून म्हणाली, "मॅडम, माझ्या आईचं डोकं दुखतं रोज. मी तिला म्हणते, टीव्ही बघताना नाही दुखत का?" वर्गात कुणी हसलं नाही. ती मुलगी घंटा व्हायच्या आधीच फोन लावायला बाहेर गेली, आणि मॅडमने तिला अडवलं नाही.

आठवड्याने तो कॉलेजात आला. माहिती बाद करायची तर त्याच्या सहीचा कागद लागत होता. मॅडम तो दुकानात पाठवणार होती, पण तो स्वतःच आला, दोन जिने चढून, निळा शर्ट घालून. सही केली आणि पेन परत दिलं.

"म्हणजे आता मी तुमचा पेशंट नाही."

"नाही."

"नंबरही नाही."

"नाही."

"मग हवेशिवाय दुसरं बोलायला हरकत नाही."

तिने खिडकी लावून घेतली, उगाच. हाताला काहीतरी काम हवं होतं. पाठमोरीच म्हणाली, "त्या दिवशी मी जे बोलले... ते मला आठवलं की जेवण जात नाही. मला तुम्ही आवडता. जिन्यापासून. मी संशय घेत होते तो तुमचा नव्हता, मला एवढं चांगलं काही मिळेल याचा होता." मग वळली. "आता तुम्हाला आवडत नसले तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण समजेन मी."

तो हसत होता. हात खिशात, पाय ताठ, चेहऱ्यावर दुखण्याची एक रेघ नाही.

"आज खूप दुखतंय," तो त्याच हसऱ्या तोंडाने म्हणाला. "जिन्यावर दोनदा परत फिरावंसं वाटलं. आणि मला तुम्ही अजून आवडता."

कुठल्याही विद्यार्थ्याने त्याला दहापैकी दोन दिले असते. मॅडमने त्याच्याकडे बघितलं. पाल चुकचुकेल म्हणून क्षणभर वाटही पाहिली. मग टेबलावरची पर्स उचलली.

"बसायचं की चालायचं?"

"चालायचं. पण मध्ये मध्ये थांबावं लागेल."

"थांबू की," ती म्हणाली, आणि त्याच्या बाजूला, त्याच्या पावलाला पाऊल लावून चालायला लागली.